इंजिनाची कोरी बाजू

क्लबातल्या पुरुषांना मी सँडविचवाली म्हणून माहीत होते. दर वसंतात आमच्या बर्सलम गावच्या चॅपलच्या हॉलमध्ये छोट्या रेल्वेंचं प्रदर्शन भरायचं आणि मी एप्रन बांधून चहाच्या टेबलामागे उभी राहायची. पलीकडच्या टेबलावर माझ्या नवऱ्याची इंजिनं मांडलेली असायची, तळहातावर दोन मावतील एवढाली. माणसं चष्मे कपाळावर सरकवून त्यांच्यावर वाकायची, "काय रेघ आहे राव विल्फची!" म्हणायची आणि मग माझ्याकडे येऊन विचारायची, "अंड्याचं संपलं का हो?"

ती रेघ माझी होती.

शाळा सुटली तशी मी कपबश्यांच्या कारखान्यात चिकटले. आमच्या गल्लीतल्या सगळ्याच पोरी चिकटायच्या. मी रंगारीण झाले, त्यातही रेघवाली. बशीच्या काठावर सोन्याची रेघ, कपाच्या कानावर सोन्याची रेघ, दिवसभर दुसरं काही नाही. आमची मुकादमीण मिस लॉटन पाठीमागून फिरायची आणि एकच वाक्य आमच्या डोक्यात ठोकायची, "रेघ डोळ्यानं ओढायची, पोरींनो. हात नुसता मागून येतो." करंगळी टेकवायची, श्वास सोडायला लागायचं आणि त्या श्वासावर ब्रश चालवायचा. नग संपला की उलटा करून बुडाला आपली खूण करायची, म्हणजे कुणाचं काम कुठलं ते कळायचं. माझी खूण तीन ठिपके. इतकी वर्षं ते केल्यावर हात आपला आपण वळतो. अजूनही मी जॅमची बरणी पुसली तरी ती उलटी करून बघते.

कारखाना सोडला तेव्हा माझा ब्रश एप्रनच्या खिशातून घरी आणला. लांब केसांचा, टोकाला तिरका, माझ्या हाताचं वळण लागलेला. तसा ब्रश आता कुठे मिळत नाही. बनवणारा म्हातारा वारला आणि त्याच्या मुलानं त्या जागी मासे तळायचं दुकान काढलं.

विल्फ पोलादाच्या भट्टीवर फिटर होता. भट्टी बंद झाली आणि हा माणूस पुढच्या खोलीत कोट घालून बसून राहिला. कोट कशाला, तर परत बोलावणं आलं तर उशीर नको. मी त्याच्यापुढे चहा ठेवायची आणि गार झाला की उचलायची. सबंध हिवाळा असा गेला. मग शेजारच्या कुणीतरी त्याला ओढून क्लबात नेलं आणि तो एक तयार इंजिन घेऊन आला, प्लास्टिकचं, दुकानातलं. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यानं ते करवतीनं कापून ठेवलेलं. म्हटलं, झालं, डोकं फिरलं याचं.

डोकं फिरलं नव्हतं, ठिकाणावर आलं होतं. त्याला नॉटीचं इंजिन हवं होतं. नॉटी म्हणजे आमच्या भागाची जुनी रेल्वे. ती जाऊन जमाना झाला, पण इथल्या प्रत्येकाचा कुणी ना कुणी आजोबा तिच्यावर कामाला होता. तिची इंजिनं एवढ्या छोट्या मापात तयार मिळत नव्हती. मग तयार इंजिनाची मोटर आणि चाकं ठेवायची, वरचं धड कापायचं, पाण्याच्या टाक्या पितळी पत्रा जोडून लांबवायच्या, बॉयलरवरचा घुमट कानशीनं घासून बसका करायचा, धुराडं लेथवर नवं काढायचं. आणि हे सगळं असं जोडायचं की जुनं कुठं संपलं, नवं कुठं लागलं ते बोटालासुद्धा कळू नये. विल्फचे हात म्हणजे नुसती फावडी. पण तो झाळकामाला, पितळेचे सांधे जोडायला, बसला की मी दारात उभी राहून बघत राहायची. काम झालं की प्रत्येक हत्यार पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा आणि ज्याच्या त्याच्या खाचेत ठेवायचं. घाणेरडं हत्यार त्याला खपत नाही. एकदा मी बटाट्याची सुरी तशीच ठेवली तर जेवण होईपर्यंत तोंड फुगवून बसला होता.

पण इंजिनाला रंग लागतो. नॉटीचा रंग मंजिष्ठी लाल. त्यावर पिवळी रेघ, आणि पिवळीच्या आत केसाएवढी शेंदरी. रंग त्यानं चांगला दिला. रेघ ओढायला गेला आणि कोंबडी रंगात पाय बुडवून चालल्यासारखं झालं. पुसली, पुन्हा ओढली, पुन्हा पुसली. शेवटी इंजिन कोळशाच्या बादलीत भिरकावलं आणि कोट चढवून परत त्याच खुर्चीत जाऊन बसला.

तो कोट म्हणजे पुन्हा तसाच हिवाळा. दुसऱ्या दिवशी तो बेकारभत्त्याच्या रांगेत उभा राहायला गेला, तेवढ्यात मी इंजिन बादलीतून काढलं, पुसलं आणि माझ्या ब्रशनं रेघा ओढून टाकल्या. मनात डाव वगैरे काही नव्हता. कीव आली, बास.

परत आल्यावर त्यानं इंजिन पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणाला, "चहा टाकतेस का?" तेवढंच. त्या आठवड्यात तो ते क्लबात घेऊन गेला. आला तेव्हा पाठ ताठ होती आणि कोट हातावर होता.

"बेरिल, सगळे उभे राहिले गं," तो म्हणाला. "सिरिल हीथ म्हणाला, असला हात अख्ख्या परगण्यात नाही."

सिरिल हीथ क्लबाचा अध्यक्ष. त्याच्या तोंडून बरा शब्द निघणं म्हणजे मोठीच गोष्ट. आता मला सांगा, अशा वेळी कुठली बायको तोंड उघडेल? मी नाही उघडलं. आणि तिथंच मी अडकले.

मग रीघच लागली. कुणाला काका चालवायचा ते इंजिन हवं, कुणाला लहानपणी बघितलेलं. विल्फ कुणालाच नाही म्हणायचा नाही. त्याचं पितळेचं काम पुढच्या खोलीत, रेडिओ लावून, शेगडीपाशी. माझं रंगाचं काम मागच्या छोट्या खोलीत, दार लावून, कारण कुणी आलं तर दिसायला नको. त्या खोलीच्या खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते. वीट आणि वीट. कुणी दार वाजवलं की विल्फ खोकायचा, आणि मी ब्रश हवेत धरून, हलायचं नाही म्हणून तशीच बसायची. स्वतःच्या घरात चोरासारखी! बाहेर सिरिलचा आवाज यायचा, "विल्फ, ही वळणावरची रेघ जमते कशी तुला?" आणि विल्फ म्हणायचा, "सरावानं."

आधी तो 'आपली रेघ' म्हणायचा. मग कधीतरी 'माझी रेघ' म्हणायला लागला. वाईट माणूस नाही तो. रोज सकाळी मला अंथरुणात चहा आणून देतो, आमच्या गल्लीत दुसरा कुणी देत नाही. पण चहा दिला की उशाशी उभा राहून विचारतो, "आज त्या हिरव्या इंजिनाचं होईल का गं?"

माझी बहीण इडा लँडुडनोला राहते, समुद्राला लागून. नवरा गेल्यापासून एकटीच. दर ख्रिसमसला म्हणायची, "ये की चार महिने. दोघी मिळून समुद्राकडे बघत बसू." मी म्हणायची, प्रदर्शन झालं की येते. प्रदर्शन झालं की नवी इंजिनं यायची. दोनदा बॅग भरली आणि दोनदा रिकामी केली.

आणि ते ठिपके! पहिल्याच इंजिनाच्या बुडाला माझ्या हातानं सवयीनं तीन ठिपके दिले होते. मला आठवतही नव्हतं. पण प्रदर्शनात इंजिनं आरशावर ठेवतात, खालचं काम दिसावं म्हणून. सिरिलनं आरशात ते पाहिले आणि समजला की ही विल्फची खूण. झालं, तेव्हापासून ठिपके असतील तरच ते अस्सल कोकलीचं, आमच्या आडनावाचं, इंजिन, असं सगळे धरून चालले. माझी सही माझ्या नवऱ्याची झाली. एकदा रागानं मी ठिपके न देता इंजिन दिलं, तर विल्फ ते परत घेऊन आला. "विसरलीस बघ," म्हणाला.

यंदा हिवाळा सरता सरता विल्फ एका सकाळी ओटकेकवर, आमच्याकडच्या ओटच्या धिरड्यावर, चीज पसरत म्हणाला, "बेरिल, जरा घोळ झालाय."

"कसला?"

"सिरिलनं सभेत जाहीर करून टाकलं. यंदा मी सगळ्यांसमोर बसून रेघ ओढून दाखवायची. टेबल, दिवा, भिंग, सगळं मांडणार आहेत."

"मग तू काय म्हणालास?"

"टाळ्या वाजल्या गं."

"टाळ्या वाजल्यावर तू काय म्हणालास, विल्फ?"

"हो म्हणालो."

खरं सांगते, मला आधी आनंद झाला. वाटलं, सुटले. आता याला बोलावंच लागेल.

"सांगून टाक मग," मी म्हटलं. "चार दिवस हसतील आणि विसरतील."

"आणि मी काय करू तिथं? सँडविच विकू?"

"तुझी इंजिनं आहेत की. झाळकाम आहे. असं काम तिथं करतो कोण दुसरा?"

"ते दिसतं कुणाला?" तो ओटकेककडे बघत म्हणाला. "सगळं रंगाखाली जातं. इतक्या वर्षांत एकानं तरी विचारलं का, टाकी कुठं जोडलीस म्हणून? रेघ, रेघ आणि रेघ!"

हे मी कधी मनातच आणलं नव्हतं. त्याचं काम माझ्या रेघेखाली गाडलं गेलं होतं आणि माझी रेघ त्याच्या नावाखाली. आम्ही दोघं एकमेकांच्या अंगावर पाय देऊन उभे होतो. पण ओटकेक मात्र त्यानं संपवला.

मग मी त्याला शिकवायला बसले. बिस्किटांच्या डब्याला मंजिष्ठी रंग दिला आणि म्हटलं, ओढ.

"ब्रश धरलायस की हातोडा?"

"माझी बोटंच अशी आहेत."

"करंगळी टेकव. आता श्वास सोड. सोड रे! रोखून धरलास तर हात थरथरणारच."

"सोडला तर काय वारा सुटल्यासारखी हलते गं रेघ."

"रेघ डोळ्यानं ओढायची, विल्फ. हात नुसता मागून येतो."

"माझा डोळा पुढं जातो आणि हात घरीच राहतो," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो. पण रेघ काही जमली नाही. रोज बसायचा. डबा पुसून पुसून पत्रा दिसायला लागला. शब्द मात्र पाठ झाले, मिस लॉटनचे, जसेच्या तसे.

प्रदर्शनाच्या सकाळी तो खाली उतरला तर अंगठ्याला हे एवढं बँडेज.

"काय झालं?"

"करवत लागली."

"बघू."

"नको. झाकलेलंच बरं."

मी पुढच्या खोलीत जाऊन करवत पाहिली. लख्ख पुसून आपल्या खाचेत लटकत होती. मी दोन पाव जास्त घेतले आणि निघालो.

हॉल माणसांनी फुलला होता. मधोमध टेबल, त्यावर दिवा, आणि दिव्याखाली नॉटीचं नवं इंजिन, रंग दिलेलं, रेघा नसलेलं. शेजारी आरशावर विल्फची जुनी इंजिनं मांडलेली. माझा ब्रश विल्फनं पेटीतून काढून रुमालावर ठेवला होता. तो ब्रश तिथं, चारचौघांत, बघून मला कसंसंच झालं.

सिरिलनं विल्फला बसवलं. विल्फनं अंगठा वर केला. "अरेरे," सगळे म्हणाले.

"हरकत नाही," सिरिल म्हणाला, "तोंडी सांग. आम्ही ऐकतो."

आणि काय बोलला म्हणून सांगू! करंगळी कशी टेकवायची, रंगात टर्पेंटाईन किती, श्वास कधी सोडायचा. "रेघ डोळ्यानं ओढायची, मित्रांनो. हात नुसता मागून येतो." माणसं माना डोलवत होती. मी चहाच्या टेबलामागे काकडी चिरत होते, आणि वीस वर्षं बाकावर बसून माझ्या पाठीला जी कळ लागली ती त्या माणसाच्या तोंडून गोड गोड ऐकत होते. एवढी चीड मला आयुष्यात कधी आली नसेल.

सिरिलनं हिवाळ्यात दुसरं लग्न केलं होतं. ती नवी बायको गर्दीत पुढेच उभी होती, निळी टोपी घालून. मला पाठमोरी दिसत होती. विल्फचं वाक्य ऐकून तिनं मान एकदम वर केली. मग आरशापाशी गेली, वाकली, एक इंजिन, दुसरं, तिसरं बघितलं. आणि वळून थेट माझ्याकडे आली.

"बेरिल मेचिन! तूच ना गं?"

माहेरचं नाव ऐकून मी सुरी खाली ठेवली. ती एल्सी होती. कारखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर बसायची आणि मग लग्न करून क्रू गावी गेली होती.

"ते ठिपके तुझे आहेत," ती म्हणाली.

"हळू बोल."

"हळू काय? तिकडे तुझा नवरा मिस लॉटन बोलतोय, शब्दन् शब्द! मला वाटलं, म्हातारी कबरीतून उठून आली."

"एल्सी, गप्प बस माझी आई. त्याला याच्याशिवाय दुसरं काही नाही."

"आणि तुला काय आहे?"

मी सँडविच सरळ करत बसले. एल्सी पहिल्यापासूनच अशी. मुकादमिणीला उलट बोलणारी कारखान्यात ती एकटीच होती. टोपी नीट केली आणि गेली परत गर्दीत.

"अहो विल्फ," तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तुमचा अंगठा दुखतोय ना, मग बेरिलला ओढू दे की. ती आमच्याबरोबर रेघवाली होती."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. विल्फनंही पाहिलं. त्याच्या डोळ्यांत 'ये' होतं की 'नको येऊस' होतं, ते मला कळलं नाही. पण मी हात पुसत होते, म्हणजे पाय निघालेच होते.

मी बसले, एप्रनसकट. इंजिन डाव्या हातात घेतलं, करंगळी टेकवली. एवढी माणसं अंगावर आली होती की उजेड अडत होता. "सरका जरा," मी म्हटलं, आणि ती सरकली. मग श्वास सोडला आणि टाकीच्या कडेनं पिवळी रेघ ओढली. कोपऱ्यावर वळवली, खाली आणली, जिथून निघाली तिथं आणून मिळवली. मग ड्रायव्हरच्या खोलीची बाजू, मग बॉयलरचे पट्टे, मग आतली शेंदरी. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून जे करत आले ते पहिल्यांदा उजेडात करत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला फार फार बरं वाटलं.

मी ब्रश उचलला तशी सिरिलनं विल्फच्या पाठीवर थाप मारली.

"लेका विल्फ! काय तयार केलंयस बायकोला!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. "बघा, गुरू पाहिजे तर असा," कुणीतरी म्हणालं.

मी विल्फकडे पाहिलं. बोल, म्हटलं मनात. आता तरी बोल. अख्खा हॉल तुझ्या तोंडाकडे बघतोय. त्यानं बँडेजचं टोक चाचपलं आणि म्हणाला, "हो... जमायला लागलंय तिला."

"मग काय, आता दोन हात झाले!" सिरिल म्हणाला. "माझं ते मालगाडीचं होईल ना उन्हाळ्यापर्यंत?"

"आणि माझं?"

"माझंही थांबलंय विल्फ, विसरू नकोस."

"होईल की," विल्फ म्हणाला, "सगळ्यांचं होईल."

म्हणजे लपवायचं संपलं आणि कोंडणं तेवढं राहिलं. उलट आता दार लावायचीही गरज नाही, येता जाता बघायला येतील. एल्सी निळ्या टोपीखालून माझ्याकडे टक लावून बघत होती.

मी इंजिन फिरवलं. रेघांची बाजू माझ्याकडे आणि कोरी बाजू लोकांकडे.

"ही बाजू राहिली की," सिरिल म्हणाला.

"ही अशीच राहणार," मी म्हटलं. "रेघ मला विल्फनं नाही शिकवली. मी कारखान्यात शिकले. आणि मी त्याला शिकवायला गेले तर त्याला आली नाही. त्या आरशावरची सगळी इंजिनं मीच रंगवलीत. ठिपके माझे आहेत."

हॉलमध्ये कुणाचीतरी छोटी गाडी फिरत होती, तिचा तेवढा आवाज येत राहिला. विल्फ खुर्चीत खाली खाली सरकत होता. तो कोट मला पुन्हा दिसायला लागला. मी सिरिलच्या हातात भिंग दिलं.

"आता ही कोरी बाजू बघा. ही टाकी निम्मी प्लास्टिकची आहे आणि निम्मी पितळेची. सांधा कुठं आहे ते दाखवा. इथं रेघ नाही झाकायला."

सिरिल वाकला. इंजिन दिव्याशी तिरकं धरलं. नखानं चाचपलं. मग भिंग दुसऱ्याकडे दिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे.

"धुराड्यापाशी असेल."

"छे, मधोमध आहे."

"मधे काहीच नाही राव. विल्फ, कुठं जोडलंयस रे?"

हे कुणी त्याला पहिल्यांदाच विचारत होतं. विल्फ उठला. बोट नेऊन दाखवायला गेला तर बँडेज आडवं आलं. त्यानं ते भराभरा सोडलं, खिशात कोंबलं आणि अंगठ्याच्या नखानं टाकीवर अदृश्य रेषा दाखवली. "इथं. बघा, इथून पितळ. आतून पट्टी दिलीय, म्हणून वर काही येत नाही." अंगठ्यावर ओरखडासुद्धा नव्हता. सगळ्यांनी पाहिलं, पण सगळे त्या जागेवरच वाकले होते.

"मग मिसेस कोकली," सिरिल जपून म्हणाला, "माझं मालगाडीचं..."

"चहा गार होतोय," मी म्हटलं आणि माझ्या टेबलामागे गेले.

घरी येताना बसमध्ये विल्फ इंजिनाची पेटी मांडीवर घेऊन बसला होता. दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्यांदा बॅग भरली. स्टेशनवर तोच उचलून घेऊन आला.

"कधी येशील?" त्यानं विचारलं. मग चुळबुळत म्हणाला, "नाही, म्हणजे... सात-आठ जण थांबलेत. आता तर ते तुझंच नाव घेऊन विचारतात. मी काय सांगू?"

"ब्रश खिडकीत ठेवलाय," मी म्हटलं. त्याला वेगळं काय सांगणार होते? मला माहीत होतं, मी परत येणार. लोक थांबलेत आणि ब्रश खिडकीत आहे म्हटल्यावर माझा हात मला स्वस्थ बसू देणार नाही. लँडुडनो म्हणजे गाईचा दोर जरा लांब सोडला, एवढंच.

इडाकडे समुद्र होता, इडा होती, सकाळी कुणी उशाशी उभं राहून काही विचारत नव्हतं. तरी मी रोज कपाची बुडं बघायची आणि रोज म्हणायची, पुढच्या आठवड्यात निघते. इडा चिडायची. "कोण धरून ठेवलंय तुला?" म्हणायची. मला सांगता यायचं नाही. धरून ठेवणारं कुणी दिसलं असतं तर भांडून तरी घेतलं असतं.

आणि मग विल्फचं पार्सल आलं. आत चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती. कापसात गुंडाळलेलं ते इंजिन होतं. माझी बाजू जशीच्या तशी. मी ते फिरवलं.

दुसऱ्या बाजूला त्यानं स्वतः रेघ ओढली होती. पिवळी टाकीच्या मधोमध लडखडली होती, कोपऱ्यावर फुगली होती, शेंदरी तिच्यावरून दोनदा चढून उतरली होती. पुसली नव्हती, सुधारली नव्हती. बुडाला, जिथं मी ठिपके देते तिथं, त्यानं आपला अंगठा उमटवला होता, पिवळाजर्द.

माझे हात शिवशिवले. टर्पेंटाईनचा बोळा आणि पाच मिनिटं, एवढंच काम होतं. मी ब्रशसाठी मनातल्या मनात बर्सलमच्या खिडकीपर्यंत जाऊनही आले. तेवढ्यात इडानं पार्सलच्या तळातून वर्तमानपत्राची सुरळी काढली आणि उलगडली. आत माझा ब्रश होता. केसांत रंग तसाच राहून वाळला होता, पार मुळापर्यंत. बोटानं दाबला तर दगडासारखा लागला. त्या ब्रशनं आता कुणालाच कधी रेघ ओढता येणार नव्हती.

"अगं बाई!" इडा म्हणाली. "एवढा जपलेला ब्रश! मेला धुवायला विसरला वाटतं."

"विल्फनं उभ्या जन्मात हत्यार न पुसता ठेवलेलं नाही," मी म्हटलं, आणि मला रडू कोसळलं.